जाते म्हणू नये

हॉस्पिटलात तुम्हाला काय होतंय हे नंतर विचारतात. आधी विचारतात, “बरोबर कोण आहे?”

काउंटरवरच्या मुलीने विचारलं, रक्त काढणाऱ्याने विचारलं, वजनकाट्याशी उभ्या असलेल्या सिस्टरने विचारलं. मी सगळ्यांना “मीच” असं सांगत होते. आयुष्यभर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवलं की नेमकं उत्तर द्यायची खोड लागते.

“तसं नाही मॅडम. पेशंटबरोबर कोण आहे?”

“पेशंट मीच. बरोबरही मीच.”

काउंटरवरच्या मुलीने माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं. जणू माझा नवरा गाडी लावून येतच असावा. मी सत्तावन्न वर्षांची झाले, तो अजून गाडी लावून आलेला नाही. पुण्यात पार्किंगची अडचण आहे, हे मान्य.

मला काय झालं होतं ते सांगते. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता. त्याने हृदयाची एक झडप आखडली, आणि इतकी वर्षं कुरकुरत चालल्यावर आता ती बदलायला झाली होती. तिची आणि माझी पहिली भेट इकोच्या खोलीत झाली. अंधारात मला कुशीवर झोपवून, बरगड्यांवर गार जेल लावून तिथल्या मुलीने पडदा माझ्याकडे वळवला. आधी मला काही कळलंच नाही. करड्या धुक्यात एक इवलासा हात हलत होता. बोटं जुळवून, मनगटातून. या. या. या. दारात उभं राहून पाहुण्याला बोलावतात ना, तसा.

“ही झडप,” ती म्हणाली. “नीट उघडत नाहीये. बघा, कशी अडकते.”

मी बघत होते. अडकत होती, पण थांबत नव्हती. माझा जन्म व्हायच्या आधीपासून, आईच्या पोटातल्या काळोखात, कुणी बघत नसताना, हा हात कुणाला तरी बोलावत होता आणि कुणीतरी येतही होतं. मी झोपले तेव्हा, परीक्षेचे पेपर तपासले तेव्हा, आई गेली आणि मी तिच्या कॉटशी बसून राहिले तेव्हाही. मी स्वतःला इतकी वर्षं एकटी समजत होते. अर्थात, मला कुणी कळवलं नव्हतं.

“दुखतंय का?” मुलीने विचारलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं असावं.

“नाही. पहिल्यांदाच भेटतोय.”

तिने जेल पुसायला कागद दिला आणि म्हणाली, “बाहेर कोण आहे बरोबर?”

सर्जन मोजकं बोलणारे होते. म्हणाले, “हृदय काही वेळ बंद ठेवावं लागेल. झडप बसेपर्यंत.” नळ दुरुस्त करायला येणारा माणूस टाकीचा कॉक बंद करायला सांगतो, तोच स्वर.

“तेवढ्या वेळात मी कुठे असेन?”

“टेबलावर,” ते म्हणाले.

मरणाचा विचार मी केलेला होता. एकट्या माणसाला तो गॅस, लाइट बिल यांच्याबरोबर करूनच ठेवावा लागतो. मरणानंतरचा मात्र केला नव्हता, कारण तिकडची सगळी सोय कुटुंबवत्सल लोकांसाठी आहे. मुलाने पाणी द्यायचं, नातवाने नाव घ्यायचं. बिनलग्नाच्या बाईला सर्वपित्री अमावास्येला उरल्यासुरल्यांत कुणी आठवलंच तर एखादा घास. म्हणजे तिथेही वेटिंग लिस्ट.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मला दोघींच्या खोलीत ठेवलं. दुसऱ्या कॉटवर बायडाबाई होत्या. हिंजवडीच्या. शेत आयटी पार्कात गेलं, राहिलेल्या तुकड्यावर त्यांनी नोकरीवाल्या मुलींसाठी होस्टेल बांधलं आणि त्याच्या दाराशी खुर्ची टाकून त्या बसत. त्यांचीही झडपच बदलायची होती, माझ्यानंतर एक दिवसाने. त्यांना “बरोबर कोण आहे” असं कुणी विचारत नव्हतं. मुलगा बजरंग, सुना, मुली, जावई, व्याही. एका वेळी दोनच माणसं आत सोडतात, या नियमाचा त्यांनी जोड्या लावून पराभव केला होता.

माझ्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करायला दुपारी चुलतभाऊ शरच्चंद्र कोथरूडहून बसने आला. सही केली, बिस्किटाचा पुडा ठेवला आणि निघताना दारात अडकला. आपल्याकडे निघताना ‘येतो’ म्हणतात. ‘जातो’ म्हटलं तर परत न येण्याचं बोलून गेल्यासारखं होतं. पण मर्तिकाच्या घरून उठताना ‘येतो’ म्हणायचं नसतं. हॉस्पिटल नेमकं कोणत्या बाजूला मोडतं, हे शरच्चंद्राला ठरवता येईना. त्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि म्हणाला, “बरं तर मग.”

आई गेली तेव्हा भेटायला आलेल्यांपैकी कुणी ‘येतो’ म्हणालं नव्हतं. रीतच ती. तेव्हापासून मीही घरातून निघताना ‘येते’ म्हणणं सोडलं. म्हणायचं कुणाला? ‘येते’ला आतून ‘ये’ यावं लागतं. नाहीतर आपण नुसतं दाराशी बोलतो. कुलूप लावायचं, ओढून बघायचं, निघायचं.

संध्याकाळी जोड्यांची वर्दळ जरा थांबली, तेव्हा बायडाबाई कुशीवर वळल्या.

“मास्तरीणबाई, काळीज बंद करत्यात म्हनं. खरं का?”

“हो.”

“म्हंजे मरनच की.”

“तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर—”

“तांत्रिक-मांत्रिक नगं. सादं सांग.”

“मरणासारखंच. पण परत आणतात.”

त्यांनी उशी जवळ ओढली. मग म्हणाल्या, “मग आसं कर. तू माज्या आदी जातीस. तिथं काय हाय त्ये बघून ये आन मला सांग.”

“तिथे काही असेल असं मला वाटत नाही, बायडाबाई.”

“तुला वाटून काय हुतंय? बघून सांग. बजरंगचा बा हाय का बघ. उंच हाय. आन त्याच्या संगं म्हातारी हाय का त्ये बघ.”

“कोण म्हातारी?”

“माजी सासू! ती आदी गेलीया. तिथली बी चूल तिच्याच ताब्यात आसल. हितं आत्ता कुटं माजं राज आलंय. तिथं जाऊन पुन्यांदा सून व्हायाचं आसल तर मी न्हाई करनार आपरेशन. बजरंगाला सांगून टाकते, गाडी काढ.”

मी हसले. त्या हसल्या नाहीत. झडप न बदलता त्या दिवाळी बघणार नाहीत, असं डॉक्टर बजरंगला व्हरांड्यात सांगत होते, ते मी ऐकलं होतं. त्यांनीही ऐकलं असणार.

“एवढी माणसं आहेत तुमच्याबरोबर,” मी म्हटलं.

“हायेत की. त्या दारापत्तुर.”

मी बघून येईन, असं कबूल केलं.

सकाळी वॉर्डातले मामा स्ट्रेचर घेऊन आले. मला हिरवा झगा घातलेला, केस टोपीत. मामांनी सवयीने विचारलं, “बरोबर कोण आहे?” आणि उत्तराची वाट न बघता ढकलायला लागले. समोर बायडाबाई, त्यांच्या दोन सुना. काहीतरी बोलायला हवं होतं. मी सभ्यपणे मान हलवली आणि म्हटलं, “बराय. जाते.”

खोलीतली हवा बंद पडली. धाकट्या सुनेच्या तोंडून “अगं बाई!” निघून गेलं. मामांचे हात थबकले. बायडाबाई सलाइनच्या नळीसकट कॉटवरून उतरल्या आणि त्यांनी स्ट्रेचरची दांडी धरली.

“काय म्हनलीस?”

“निघते म्हटलं.”

“जाते म्हनलीस. माज्या कानांनी ऐकलं. येते म्हन.”

“बायडाबाई, उशीर होतोय.”

“हुंदे. येते म्हन.”

“कुणाला म्हणू?” मी म्हटलं. “घरी कुणी नाहीये.” हे मला म्हणायचं नव्हतं. रिकाम्या पोटी माणूस नको ते बोलतो.

बायडाबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वर्गात इतकी वर्षं कुणाकडे तसं बघू शकले असते तर निकाल बरे लागले असते.

“मला म्हन की. मी काय भिताड हाय?”

“म्हणून टाका मॅडम,” मामा म्हणाले. “आत सर चिडतील.”

मग मी, आडवी पडून, टोपी घालून, दोन सुना आणि एक मामा यांच्या साक्षीने म्हटलं, “येते.”

“ये,” बायडाबाई म्हणाल्या, आणि दांडी सोडली. “नीट बघून ये.”

आत फार थंड होतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी माझ्या चेहऱ्यावर वाकून विचारलं, “बरोबर…” पुढचं मला ऐकू आलं नाही. “आहे,” मी म्हटलं. प्रश्न ‘बरोबर वाटतंय का’ असाही असू शकेल.

आणि नंतर काय होतं?

मी नीट आठवून सांगते, कारण मला त्याच कामासाठी पाठवलं होतं. काही नव्हतं. अंधारही नव्हता. अंधार दिसायलाही बघणारं कुणी लागतं. आयुष्यात पहिल्यांदाच माझं हृदय कुणाच्या तरी हातात गेलं आणि मी नेमकी गैरहजर होते. डॉक्टरांचं ‘बरोबर’ आणि घशातली नळी, यांच्यामध्ये सुईच्या अग्राइतकीही फट नव्हती.

जाग आली ती आयसीयूत. तोंडात नळी, बोलता येत नाही. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं पट्टीने कॉटला बांधलेली. काचेपलीकडच्या पॅसेजमधून उजेड येत होता. दुसरी सकाळ झाली होती, हे मला पॅसेजमधून येणाऱ्या आवाजावरून कळलं.

“थांबीव म्हनते ना! मास्तरीणबाईला इचारल्याबिगर मी आत जानार न्हाई!”

काचेशी स्ट्रेचर थांबलं. टोपीतल्या बायडाबाई कोपरावर उठल्या होत्या. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मागे बजरंग हात जोडून उभा. सिस्टरपुढे, आईपुढे की देवापुढे, ते कळत नव्हतं.

“काय दिसलं गं?” त्या काचेतून ओरडल्या.

मला खरं बोलायची सवय आहे. काही नाही, असं सांगायला आपण पंजा हलवतो ना, तसा हलवायचं मी ठरवलं. पण मनगट बांधलेलं. हलली ती नुसती बोटं. एकत्र जुळून आत वळली, उघडली, पुन्हा वळली. मी स्वतःच्या हाताकडे बघत राहिले. हा हात मी आधी पाहिला होता. करड्या धुक्यात, अंधाऱ्या खोलीत.

बायडाबाईंनी डोळे बारीक करून बघितलं. मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यात रक्त परत आलं.

“या म्हनतीया,” त्या बजरंगला म्हणाल्या, आणि आडव्या झाल्या. “येते गं!”

मी बोटं हलवत राहिले. स्ट्रेचर दिसेनासं झालं तरी हलवत राहिले. दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. दुपारी नळी काढली, मनगटं सोडली, आणि सगळं शांत झाल्यावर मला एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला. टिक. टिक. भिंतीवर घड्याळ नव्हतं. नवी झडप धातूची होती. ती माझ्या छातीत वाजत होती.

सर्जन फेरीला आले, तेव्हा मी आधी बायडाबाईंचं विचारलं. व्यवस्थित पार पडलं, म्हणाले. मग विचारलं, बंद केलेलं हृदय सुरू कसं करता?

“बऱ्याचदा आम्ही नाही करत,” ते म्हणाले. “रक्त परत सोडतो. थोडं ऊबदार होतं. मग ते आपलं आपण सुरू होतं.”

“का?”

त्या मोजकं बोलणाऱ्या माणसाने फाइल मिटली. “आम्ही पण दर वेळी थांबून बघतो,” एवढंच म्हणाला, आणि पुढच्या कॉटकडे गेला.

मी नव्हते. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि माझ्या मागे, काहीच नसलेल्या त्या जागेतून, हृदय आपलं आपण परत आलं होतं. ‘येते’ म्हणून मी गेले होते, तो शब्द पाळला कुणी? मी दुसऱ्या सकाळपर्यंत हाच विचार करत टिकटिक ऐकत होते. तर्कशास्त्राची पुस्तकं डोळ्यांपुढे आणून पाहिली. त्यांत हा प्रश्नच नाही.

सकाळी शेजारच्या कॉटवरून घोगरा आवाज आला. “खोटारडे.”

बायडाबाई शुद्धीवर आल्या होत्या.

“तिथं काय बी न्हाई. ना बजरंगचा बा, ना म्हातारी. आन तू या या करीत हुतीस.”

“आहे असं कुठे म्हटलं मी?”

“मग या कशाला म्हनलीस?”

“परत या, म्हटलं.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली.

“आलेच की,” त्या शेवटी म्हणाल्या. आणि थोड्या वेळाने, “म्हातारी न्हाई त्ये बरं झालं.”

आम्हाला पुन्हा दोघींच्या खोलीत आणलं, आणि आठवड्याने मला त्यांच्या आधी घरी सोडलं. शरच्चंद्र पिशवी घेऊन दारात उभा राहिला. मी बायडाबाईंच्या कॉटशी गेले. पोरीबाळी, जावई सगळे बाजूला झाले. मी या वेळी चुकणार नव्हते.

“येते हं, बायडाबाई.”

“गप!” त्या किंचाळल्या. “दवाखान्यातनं निघताना येते म्हनतीस? पुन्यांदा यायाचं हाय व्हय हितं? जाते म्हन!”

“तुम्हीच तर सांगितलं होतं—”

“त्ये तवा. आता जाते म्हन.”

सुना माझ्याकडे बघत होत्या. शरच्चंद्र लक्षपूर्वक ऐकत होता. त्याला बहुधा त्याच्या प्रश्नाचं उत्तर मिळत होतं.

“जाते,” मी म्हटलं.

“जा,” बायडाबाई म्हणाल्या, आणि हात वर केला. तोंडाने जा म्हणत होत्या. बोटं मात्र जुळून आत वळत होती, मनगटातून, पुन्हा पुन्हा.

मी पिशवी शरच्चंद्राकडेच राहू दिली आणि जिन्याकडे निघाले. छातीत टिकटिक चालू होती. तिला ‘येते’, ‘जाते’ यातलं काहीच कुणाला म्हणावं लागत नव्हतं.