काट्यावरचे सत्तर किलो

विनयाने पेढा तोंडात टाकला आणि पत्र पुन्हा वाचलं. पेढा तसाच गालात राहिला. चाचणीत गाडी पास झाली होती. वर, कागदावरच्या वजनापेक्षा सत्तर किलो हलकी भरली म्हणून लष्कराने वालीवच्या त्या छोट्या कारखान्याचं कौतुकही केलं होतं. मालक सुधाकर सावे पेढ्यांचा बॉक्स घेऊन वेल्डरांमध्ये नवरदेवाच्या बापासारखे मिरवत होते.

विनयाचा जीव मात्र त्या सत्तरात अडकला. हल्ल्यासाठीच्या त्या हलक्या गाडीचं डिझाइन तिचं होतं. हेलिकॉप्टरला टांगून नेता आली पाहिजे, ही पहिली अट. मार्चमध्ये वजनकाट्यावर गाडी ठरलेल्या वजनापेक्षा नेमकी सत्तर किलो जास्त भरली, तेव्हा आठवडाभर डोकं शिणवून तिने मागच्या सीटखालची तेवढ्याच वजनाची पोलादी प्लेट काढायला लावली होती. खाली सुरुंग फुटला तर मागच्या जवानाला तेवढाच आडोसा होता. कागदावर सही तिचीच.

लोखंड काही सुकून हलकं होत नाही. तिने म्हाताऱ्या दयारामला हाक मारली. त्या दिवशी गाडी काट्यावर त्यानेच नेली होती.

"काका, वजन केलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"गाडीतच की. काट्यावर डायवर कोन उतरतो, ताई?"

खरंच, कोण उतरतो? टेम्पो एकदा रिकामा तोलतात, एकदा भरलेला. दोन्ही वेळा ड्रायव्हर आतच, त्यामुळे वजाबाकीत तो आपोआप उडून जातो. ही गाडी मात्र एकदाच तोलली होती.

"तुमचं वजन किती, काका?"

"असल सत्तर."

म्हणजे मार्चमध्ये गाडी जास्त भरलीच नव्हती, प्लेट उगाच काढली होती. तिने सुधाकरना बाजूला नेऊन सगळं सांगितलं. त्यांनी बॉक्स खाली ठेवला आणि पत्राचं दुसरं पान तिच्यापुढे धरलं. वाचलेल्या सत्तर किलोंच्या बदल्यात लष्कराने मागच्या सीटखाली दारूगोळ्याची जादा पेटी बसवली होती. असल्याच आणखी चाळीस गाड्या हव्या होत्या.

"ते खूश आहेत, विनया," ते हळूच म्हणाले. "आता कशाला उकरायचं?"

दयारामने ते ऐकलं. काढलेली प्लेट मार्चपासून पाण्याच्या पिंपाशेजारी चार विटांवर होती, सगळे तिच्यावरच डबे ठेवून जेवायचे. त्याने एकेक डबा उचलून खाली ठेवला.

"माज्यापायी काढली ही," एवढंच तो म्हणाला आणि प्लेटची एक कड उचलायला गेला. ती हलेना. दोघं वेल्डर उठून त्याच्या मदतीला आले. सुधाकरनी वाटेतला पेढ्यांचा बॉक्स बाजूला सरकवला.

विनयाने छावणीतल्या अधिकाऱ्याला फोन लावला. पलीकडून आधी अभिनंदनच आलं. ते संपेपर्यंत ती थांबली.

"साहेब," ती म्हणाली, "मागच्या सीटवर आत्ता कोणी बसलंय का?"