रेतीवरचा चारा

“अजून एक मूठ टाका, जफरभाई. नव्या पाण्यात मासळीले वास लागाले वेळ लागते,” दीनानाथ म्हणाले.

जफरने भिजवलेल्या सरकीच्या ढेपेचा गोळा कुस्करला आणि डोहात सोडला. शेजारच्या दगडावर बसलेल्या दीनानाथांना आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. पैनगंगेला पूर येऊन गेल्यापासून डोह रेतीने निम्मा बुजला होता आणि मासळीने तिथून कधीच गाशा गुंडाळला होता. डोह उथळ झालाय हे जफरलाही दिसत होतं. पण चाऱ्याला मासा येतोच, आज नाही तर उद्या, अशी त्याची भाबडी खात्री. आणि त्या खात्रीला रोज सकाळी खतपाणी घालायचं काम दीनानाथ करत होते.

शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. कोणावर कधी आवाज चढवताना उमरखेडने त्यांना पाहिलं नव्हतं. जफर त्यांच्याहून लहान, बसस्टँडमागे त्याचं मोटर वायंडिंगचं दुकान. वर्षानुवर्षं दोघांनी याच काठावर गळ टाकले; एकाच्या गळाला मोठा मासा लागला की दुसरा खालून जाळी घालायचा. काठाचा कायदा एकच होता: ज्याने रोज चारा टाकून मासा त्या जागेला लावला, त्यानेच तो काढायचा.

मागच्या उन्हाळ्यात दीनानाथांनी पंधरवडाभर चारा टाकून एक थोराड रोहू डोहाला लावला होता. ऐन वेळी बायकोचं, सुनीतीचं, पित्ताशय दुखायला लागलं आणि ते तिला घेऊन नांदेडच्या दवाखान्यात गेले. तिच्या खाटेशी बसले असताना मोबाईलवर फोटो आला: जफर, आणि त्याच्या दोन्ही हातांवर तो रोहू. पाठवणाराही जफरच! खाली लिहिलेलं, ‘मुबारक हो भाऊ, आपल्या डोहाचा राजा निघाला.’ आपल्या म्हणे! आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या आणि वर पीठवाल्यालाच मुबारक. दीनानाथांनी उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि राग पोटात ठेवला.

पुराने त्यांना संधी दिली. पाणी ओसरल्यावर काठाने चालताना वळणापलीकडे उन्मळून नदीत आडवं पडलेलं जांभळाचं झाड त्यांना दिसलं. त्याच्या आड पाणी संथ, काळं, खोल; आणि त्यात मोठी मासळी फिरत होती. ते कोणालाच बोलले नाहीत. दुपारी जफर दुकानात असताना ते तिथे गळ टाकायचे आणि सकाळी मात्र त्याच्याशेजारी येऊन मुकाट बसायचे. त्याचा रिकामा गळ पाहण्यासाठी आपलाही गळ रिकामा ठेवायची त्यांची तयारी होती.

“भाऊ, तुम्ही तं काठाकाठानं फिरता,” एक दिवस जफरने विचारलंच. “मासळी गेली कुठं? काही दिसलं काय?”

‘जांभळाआड’ एवढा एक शब्द पुरला असता. दीनानाथांनी तो गिळला.

“नदी तं तीच आहे, जफरभाई. खरं सांगू? तुमच्या हाताची जाण गेली.”

“काहून?”

“मासा चारा चाटून जाते अन् तुमाले समजत नाही. मी रोज पाहून राह्यलो ना.”

जफर आपल्या बोटांकडे पाहत राहिला. आयुष्यभर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळलेली ती बोटं त्याने एकमेकांवर घासून पाहिली.

“असन,” तो हळूच म्हणाला. “परवा एक मोटर बी जळून वापस आली. कसम से, मले वाटलं तारच खराब हाये.”

घाव वर्मी बसला होता. त्या दुपारी दीनानाथ दोन पोळ्या जास्त जेवले.

पुढच्या आठवड्यात जफर डोहावर आला तो आपली गळाची काठी द्यायलाच. “ठेवा भाऊ. घरी पडून सडन. मले नदीनं सोडलं. दुकान बी आता आमचा पोरगा अय्याजच पाहते.”

दीनानाथांनी काठी घेतली. पाठमोऱ्या जफरला अजूनही हाक मारता आली असती. त्यांनी मारली नाही. दवाखान्यात पाहिलेला तो फोटो आठवला आणि त्यांना बरं वाटलं, अगदी मनापासून बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ते सकाळीच जांभळापाशी गेले. आता चोरून जायचं कारण उरलं नव्हतं. थोड्याच वेळात मोरपिसाचा तरंगता तुकडा बुडाला आणि काठी पार वाकली. असा मासा त्यांच्या गळाला जन्मात लागला नव्हता. त्यांनी दोरी सैल सोडली, ओढली, पुन्हा सोडली. खांदे भरून आले, श्वास पुरेना. शेवटी तो भला मोठा रोहू दमला आणि कुशीवर होऊन काठाशी आला.

“जफरभाई, जाळी!” ते ओरडले. “लवकर! खालून घाला, खालून!”

पलीकडच्या काठावर धुणं धूत असलेल्या बाईने मान वर केली. “कोणाले बलावता, बाप्पा?”

दोन्ही हातांनी काठी धरून दीनानाथ उभे होते. जाळी मागे दगडावर, हात पोचणार नाही अशी पडली होती. रोहूने पाण्यात एकदा शेपटी मारली.

“कोणाले नाही,” ते म्हणाले.