सातवी टोपली

आमचे जावईबापू चष्म्याचे दुकानदार. जगाला लांबचं स्पष्ट दाखवतात, पण घरातलं त्यांना दिसेल तर शपथ.

घरामागच्या स्वतःच्या उतारावर त्यांनी डिस्क गोल्फचं मैदान केलं होतं. तबकडी फेकायची, खांबाच्या साखळ्यांवर आपटून ती खालच्या टोपलीत पडली पाहिजे. अशा नऊ टोपल्या. खांब मी बसवले. मी प्लंबर, त्यात त्यांच्या बायकोचा थोरला भाऊ, मग मजुरी कोण विचारतो!

माझी बहीण तीन वर्षांत तिकडे फिरकली नव्हती. "भांडी टांगलेलं रान," म्हणायची. तिला तिथे सफरचंदाची झाडं हवी होती. शेवटी जावईबापूंनी शब्द दिला, "एकदा माझ्याबरोबर खेळ, नाही आवडलं तर टोपल्या काढून टाकू." म्हणून रविवारी सकाळी पिशवीत पाना घेऊन मी त्या दोघांच्या मागून चाललो होतो. खरं सांगतो, जिवावर आलं होतं. आपण बसवलेलं आपणच उखडायचं म्हणजे काय?

सकाळ मात्र झकास होती. दुसऱ्या टोपलीपाशी खालचं तळं दिसतं, पाचवीला पाइनचा वास येतो. बहिणीची पहिली तबकडी झुडपात गेली, दुसरी माझ्या पायावर. जावईबापू तिचा हात धरून दाखवत होते, "मनगट असं. बरं वाटतंय? की असं?" दुकानात भिंगं बदलताना विचारतात, अगदी तसंच. ती जांभई देत होती. सहावीला त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि नजर वळवली. मला त्यांची दया आली.

सातवी टोपली टेकाडामागे आहे, फेकणाऱ्याला दिसत नाही. ती कुठे आहे हे सांगण्याआधी जावईबापू बुटाची नाडी बांधायला वाकले. तेवढ्यात बहिणीने पाय रोवले, कंबर वळवली आणि तबकडी सोडली. ती पाइनना वळसा घालून टेकाडापलीकडे उतरली. क्षणभराने साखळ्या खळखळल्या.

जावईबापू वाकलेलेच राहिले.

"अगं, तुला कसं कळलं टोपली कुठे आहे?"

"तुम्ही दुकानात गेलात की मी काय भिंती बघत बसू?"

"पण मंगळवारीच तर जागा बदलली मी तिची!"

"हो ना! बुधवारी अर्धा तास शोधत होते."

"मग आज हे झुडपात, दादाच्या पायावर..."

"इतक्या हौसेने शिकवत होतात. म्हटलं, शिकवू देत."

जावईबापूंनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि तिच्याकडे बघत राहिले. ती मात्र टेकाड चढून वरून ओरडली,

"अहो, खांब वाकडा बसवलाय तुम्ही! दादा, पाना आणलायस ना? ये, सरळ करून दे."