पंधराचे अकरा भरले

मी बोलतोय तो सेलूच्या एका कापड गोदामातून, कोऱ्या ताग्यांच्या मागून. मी एकवीस इंची मॉनिटर. पोट असलेला, जुन्या घडणीचा. कोणत्या देशात जन्मलो ते पाठीवरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. ती चिठ्ठी हमालांनी घासून नेली. वजन तीस किलो. एकट्या माणसाने मला कधी उचललं नाही, आणि ज्याने उचलायचा प्रयत्न केला त्याला आठवडाभर कंबर शेकावी लागली.

तरुणपण नागपुरात गेलं. तिथे एका ऑफिसात माझ्यावर इमारतींचे नकाशे काढत. टेबल खाटेएवढं खोल, आणि माणूस माझ्यापासून चांगला चार हात लांब बसे. आमचं छान चाललं होतं. पुढे ते ऑफिस बंद पडलं आणि दोन हजार एक साली, फाल्गुनात, मी सेलूला आलो. का आलो, ते ऐकण्यासारखं आहे.

सेलूचे सदाशिवराव कापडाचे व्यापारी. त्यांची सून प्रेरणा लग्नाआधी वर्ध्याला कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका टाइप करून मांडायचं काम शिकली होती. तेच काम घरी बसून करायची तिची फार इच्छा. सासऱ्यांनी होकार दिला आणि घरात चर्चा सुरू झाली, मॉनिटर केवढा घ्यायचा.

"मले चौदा-पंधरा इंच पुरते," प्रेरणा म्हणाली.

"पंधरात सिनेमा काय दिसन?" हा तिचा नवरा भूपेंद्र. "हीरो मुंगीएवढा!"

शेवटी पंधरा ठरला आणि वर्ध्याहून आला. सदाशिवरावांनी दुकानातला कापड मोजायचा लोखंडी गज आणला आणि काचेवर आडवा धरला. अकरा इंच भरले. पुन्हा धरला. पुन्हा अकरा.

त्याच पावली ते मॉनिटर घेऊन वर्ध्याला गेले. दुकानदाराने समजावलं, की शेठ, हे या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, तिरपं मोजतात.

"तिरपं?" सदाशिवराव म्हणाले. "चाळीस वर्ष झाले, मी कापड मोजून राह्यलो. उद्या मी लुगडं तिरपं मोजून देलं, तं तुमची बायको नेसन काय?"

दुकानदाराने पैसे मोजून दिले. मॉनिटर परत गेला. मग सरळ गजाने पंधरा भरेल असा शोधता शोधता ते नागपूरला माझ्यापाशी पोचले. माझ्यावर गज आडवा पडला आणि सोळा भरले. सदाशिवरावांचा चेहरा उजळला. "पाहा! इमानदार माल. एक इंच वरच देते!"

इमानदार म्हणून माझी वरात निघाली. घरी आल्यावर कळलं, की टेबल दोन फुटांचं. त्यातले पावणेदोन फूट माझ्या पोटाने घेतले. कीबोर्डला जागाच उरली नाही. तो प्रेरणाच्या मांडीवर गेला. त्याची वायर आखूड, त्यामुळे तिला मागे सरकता येईना. माझ्या काचेपासून तिचं नाक वीतभर.

सिनेमाला मात्र मी शोभत होतो. रविवारी दुपारी दिवाणावर, सतरंजीवर शेजार जमे. शेजारच्या तानाबाई चपला बाहेर काढून येत. देवादिकांचा सिनेमा असला तर हात जोडत, आणि खलनायक आला की पदराने माझ्याकडे वारा घालून त्याला हाकलत. सदाशिवराव प्रत्येकाला सांगत, "सरळ सोळा आहे."

पण सोमवारपासून शनिवारपर्यंत प्रेरणा माझ्यासमोर बसे. डावीकडचं वाचायला मान डावीकडे, उजवीकडचं वाचायला उजवीकडे. डोळे लाल, संध्याकाळी कपाळाला पट्टी. आणि वैशाखात व्हायचं तेच झालं. गावातल्या आनंदाबाईंच्या मुलीच्या लग्नपत्रिकेत उजव्या कोपऱ्यातलं एक नाव राहिलं. नाव साधंसुधं नव्हतं, नवरदेवाच्या मामांचं! मामा रुसले. मांडवात आले, पण जेवले नाहीत. पाचशे पत्रिका वाटून झाल्यावर त्यांचं नाव शाईने लिहून वेगळी पत्रिका त्यांच्या हाती दिली, तेव्हा कुठे त्यांनी बुंदीचा एक लाडू तोडला.

सदाशिवराव गरजले, "तुळशीच्या लग्नापर्यंत काम सुधरलं तं ठीक. नाई तं पत्रिका बंद. मंग कॉम्प्युटर फक्त सिनेमाले."

प्रेरणाने कीबोर्डवर कापड घातलं आणि ते सारखं करत बसली. तिच्या मनात काय चाललं होतं ते काचेतून मला दिसत होतं.

मग उपाय सुरू झाले. तानाबाईंनी प्रेरणाची दृष्ट काढली. भूपेंद्रने माझ्या डोक्यावर लिंबू-मिरची बांधली. मिरची माझ्या उष्णतेने दोन दिवसांत वाळली, तर तानाबाई म्हणाल्या, "पाहा, केवढी नजर होती!" एवढ्या माणसांत एकानेही खुर्चीकडे पाहिलं नाही.

घरात एक बाई होती जी कमी बोले. प्रेरणाची सासू, रुख्मिणीबाई. तिचे उपास-तापास कॅलेंडरला पाठ होते. सुनेचं डोकं शांत व्हावं म्हणून तिने श्रावणात सोळा सोमवार धरले. दर सोमवारी माझ्यासमोरच्या दिवाणावर बसून ती पोथी वाची. चष्मा लावत नसे. पोथी हातभर लांब धरून, एकेक ओळ.

दिवाळीनंतरच्या एका सोमवारी तिने हौसेने विचारलं, "माहं नाव लिहून दाखवतं का वं?"

प्रेरणाने टाइप केलं आणि सासूला खुर्चीवर बसवलं. रुख्मिणीबाईने डोळे बारीक केले, मोठे केले, मान फिरवली.

"कुठी हाय?"

"हे काय आई, तुमच्या नाकासमोर!"

"मले तं नुस्ता उजेड दिसते."

ती उठली, दिवाणावर जाऊन बसली आणि तिथून स्पष्ट वाचलं, "रुख्मिणी." मग हातातली पोथी तिने नाकाला लावली. पुन्हा हातभर लांब धरली. पुन्हा नाकाला. आणि एकदम म्हणाली, "अवं पोरी! केळझरच्या गणपतीले कोनी नाक लावून पाहते काय? हा दुरून दर्शन द्याचा देव हाय, आन् तू याच्या मांडीवर बसून पोथी वाचून राह्यली!"

"पण मामाजी म्हणतात..." प्रेरणाने सासऱ्यांची आठवण दिली.

"त्याईले मी पाहतो. तू सतरावा सोमवार येऊ दे."

सतराव्या सोमवारी उद्यापन झालं. जोडपी जेवली, चुरम्याचा प्रसाद वाटला. शेवटी वाणाची वेळ आली. सुनेच्या वाणासाठी चांदीचं ताट आणायचं ठरलं होतं, पण दारातून भूपेंद्र आत आला तो खोकं घेऊन. रुख्मिणीबाईने त्यावर खण ठेवला, हळदकुंकू वाहिलं आणि खोकं प्रेरणासमोर सरकवलं.

आत पंधरा इंची मॉनिटर होता. वर्ध्याच्या त्याच दुकानातला. कदाचित तोच.

सदाशिवरावांचा हात सवयीने कोपऱ्यातल्या गजाकडे गेला.

"अवो," रुख्मिणीबाई हळूच म्हणाली, "वाणाले गज लावत नाई."

पंगतीतली माणसं हसली नाहीत, ही त्यांची सभ्यता. सदाशिवरावांनी गज जागच्या जागी ठेवला. प्रेरणा वाकून सासूच्या पाया पडली आणि बराच वेळ उठलीच नाही.

त्या महिन्यात लग्नसराई निघाली. धाकटा मॉनिटर टेबलावर मागे भिंतीला टेकला, कीबोर्ड टेबलावर आला, खुर्ची हातभर मागे गेली. एकोणतीस लग्नांच्या पत्रिका झाल्या, एकही मामा रुसला नाही. कपाळाची पट्टी सुटली, ती माझी काच पुसायला आली. मला रविवारचा सिनेमा दिला. आठवड्यातून एकदाच दर्शन दिल्याने मानही वाढतो, हे मला तेव्हा समजलं.

अशी आठ वर्षं गेली. आता घराबाहेर प्रेरणाच्या नावाची पाटी आहे. गेल्या दिवाळीत चपटा मॉनिटर आला आणि मी गोदामात. दुकानात तो निवडताना, म्हणे, केवढा हवा हे कोणी सांगायच्या आत सदाशिवरावांनीच सुनेला विचारलं, "खुर्ची किती लांब ठेवतं वं तू?"

परवा ते गोदामात आले. एकटेच. इकडेतिकडे पाहिलं, आणि गज माझ्या काचेवर तिरपा धरला. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात.

वीस भरले.

एकवीस सांगून वीस! इमानदारीची एवढ्या वर्षांची पुण्याई त्या एका इंचात जाणार होती. त्यांनी गज खाली ठेवला. मग कोऱ्या ताग्यातून कापड काढलं, माझ्या मापाचं फाडलं, हातभर जास्तच, आणि माझ्यावर पांघरलं.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "दुरून पाहाचं."

वाचणाऱ्या मायबापहो, मला न्यायला कोणी आलं तर मी तयार आहे. सिनेमा मन लावून दाखवीन. फक्त यायच्या आधी घरी एक करा. मला मोजू नका. तुमचं माणूस कुठे बसतं, ते मोजा.