अप्पांचा सुटलेला हातचा

अप्पांनी लिहिलेल्या कोडला हात लावायचा म्हटलं की सून दहा वेळा विचार करायची. खरं तर आता ती त्या विभागाची प्रमुख होती आणि अप्पा निवृत्त होऊन बाल्कनीतल्या कुंड्यांवर सत्ता गाजवत होते. पण ती कंपनीत नवी होती तेव्हा अप्पाच तिचे साहेब. आधी त्यांनी तिला काम शिकवलं आणि मग सवडीने स्वतःचा मुलगा दाखवला. त्यामुळे त्यांच्या कामात खोट दिसली तर ती साहेबांना सांगायची की सासऱ्यांना, हा तिच्यापुढे कायमचा पेच होता.

आणि आता खोट दिसली होती.

कंपनी जी लायब्ररी, म्हणजे इतरांच्या प्रोग्रामना वापरता येईल असा तयार कोडचा संच, बनवायची, ती डिजिटल सह्या करायची आणि त्या खऱ्या की खोट्या हे तपासायची. तिच्या पार तळाशी अप्पांचा गुणाकार होता, थेट प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेला. हातभर लांबीचे आकडे तुकड्यातुकड्यांनी गुणायचे, शाळेत गुणतो तसेच, हातचे धरत धरत. इतका वेगवान गुणाकार दुसऱ्या कोणाकडे नाही, असं अप्पा पाहुण्यांनाही सांगत. पाहुणे पाणी मागत.

चाचण्या घेणाऱ्या सहकाऱ्याला ऑफिसात सगळे शंकासुर म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. तो कॉफीचा मग घेऊन तिच्या टेबलाशी आला.

"तुझ्या सासऱ्यांनी शेवटचा हातचा सोडलाय," तो म्हणाला.

"म्हणजे उत्तरं चुकतात?"

"कोट्यवधी वेळा बरोबर येतात. मग एखाद्या वेळी अगदी शेवटच्या बेरजेत हातचा येतो, आणि तो धरायला तिथे कोणीच नाही. खरी सही खोटी ठरते."

गुपचूप दुरुस्त करून टाकू, घरी कळायचं कारण नाही, असं तिने ठरवलं. हातचा आला तर मिळवायचा, नाही आला तर पुढे जायचं, अशा दोन ओळी टाकल्या. शंकासुराने त्या वाचून नकारार्थी मान हलवली.

"कधी मिळवलं, कधी नाही, म्हणजे वेळ कमीजास्त लागणार. घड्याळ लावून बसलेल्या चोराला तेवढ्यावरून सही करायच्या गुप्त किल्लीचा माग लागतो. हातचा असो नसो, काम तेवढंच झालं पाहिजे."

मग तो हातचा ठेवायला जागा हवी. प्रोसेसरला आकडे हाताशी ठेवायला मोजकेच खण असतात, आणि अप्पांनी ते ट्रंक भरावी तसे गच्च भरले होते. एका खणात मात्र नुसतं शून्य होतं. रिकाम्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवावा तसं. शेजारी अप्पांची टीप होती, 'याला हात लावू नये.' का, ते लिहिलेलं नव्हतं. तिने तो खण वापरून पाहिला. जुन्या चाचण्या सगळ्या पास झाल्या. पण त्या तर चूक असतानाही इतकी वर्षं पास होत होत्या. त्यांच्या शब्दावर काय जायचं?

अप्पांना विचारण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

"तूच सांग ना त्यांना," ती नवऱ्याला म्हणाली. नवरा दातांचा डॉक्टर.

"मी वाईट बातमी देण्याआधी भूल देतो," तो म्हणाला. "तुमच्या धंद्यात ती सोय नाही." आणि दवाखान्यात निघून गेला, सुट्टी असताना.

अप्पा कुंडीतली माती उकरत होते. तिने चहा पुढे केला आणि फार लांबून सुरुवात केली.

"अप्पा, तुमच्या गुणाकारात एका खणात शून्य आहे, ते कशासाठी?"

"नुसता हातचा मिळवायचा असला की बेरजेला दुसरा आकडा लागतो. तो शून्य. शेवटच्या बेरजेनंतर त्याचं काम संपतं. तुला कशाला हवाय?"

"हातचा ठेवायला."

"कुठला हातचा?"

"शेवटच्या बेरजेतला."

अप्पांनी खुरपं खाली ठेवलं. "तिथे हातचा येऊच शकत नाही. मी सिद्ध केलेलं आहे."

"कुठे लिहिलंय?"

"लिहायची गरज नव्हती."

मग त्यांनी प्रोसेसर बनवणाऱ्यांना दोष दिला, हल्लीच्या पोरांच्या चाचण्यांना दिला, आणि शेवटी फोन लावून शंकासुराचीच उलटतपासणी घेतली. तो बिचारा इतकंच म्हणाला, "सर, आकडा पाठवतो. तुम्हीच करून बघा."

आकडा आला. अप्पांनी जेवणाच्या टेबलावर कागद पसरले आणि आईंना, म्हणजे तिच्या सासूबाईंना, आकडा वाचायला बसवलं. नवऱ्याचं गणित त्यांनी संसारात कधी मनावर घेतलं नव्हतं, पण वाचायला हरकत नव्हती.

"एफ," आई म्हणाल्या. "परत एफ. अहो, सगळे एफच आहेत. हा आकडा आहे की कोणी बटणावर डोकं ठेवून झोपलं होतं?"

"एफ म्हणजे काठोकाठ भरलेलं. तू वाच."

आई वाचत राहिल्या. अप्पांची पेन्सिल झरझर चालली, मग सावकाश चालली, मग थांबली. त्यांनी शेवटची बेरीज खोडली आणि पुन्हा केली. दुपारची झोप त्यांनी आजवर कोणासाठी मोडली नव्हती. आज आई उठून गेल्या तरी ते तिथेच बसून होते. सून स्वयंपाकघरात कान देऊन उभी. तिला एकदम वाटलं, हे आपण करायला नको होतं.

"अगं," अप्पांनी हाक मारली. आवाज खाली आला होता. "हातचा येतो."

"फारच क्वचित येतो, अप्पा."

"समजूत घालू नकोस. लॅपटॉप आण."

ती टाइप करत होती आणि अप्पा मागे उभे राहून तिच्या मानेवर श्वास सोडत होते. शून्याच्या खणात हातचा घ्यायचा. तो असो वा नसो, ठरलेल्या आकड्याला त्याने गुणायचं आणि उत्तरात मिळवायचं. एकही फाटा नाही, प्रत्येक वेळी काम सारखं. शंकासुराने मुद्दाम हातचा येणारेच आकडे देऊन चाचणी सुरू केली आणि लगेच फोन केला. दर दुसरं उत्तर अजून चुकतच होतं.

अप्पा खुर्ची ओढून बसले, एकेका ओळीवर बोट ठेवत खाली आले आणि थांबले.

"पुढच्या फेरीआधी त्या खणात परत शून्य कोण घालणार?"

तिने जीभ चावली.

"विसरलीस," अप्पा म्हणाले, आणि त्यांचा चेहरा सकाळपासून पहिल्यांदा उजळला. "होतं असं. कोणाचंही होतं." आत जाऊन त्यांनी ही गोष्ट आईंना सांगितली, थोडी मोठ्याने.

तिने शून्य घातलं. यावेळी उत्तरं जुळली. शंकासुराची मशीन आठवडाभर चालत राहिली, तरी एकही तक्रार आली नाही.

राहता राहिलं जाहीर निवेदन. तिने अदबीने लिहिलं होतं, 'जुन्या कोडमधील एक त्रुटी दूर केली.' अप्पांनी ते वाचलं आणि नापसंतीने चष्मा काढला.

"जुन्या कोडमधील म्हणजे कोणाच्या? उद्या कोणीही म्हणेल माझी होती. माझं नाव घाल."

"अप्पा, चुकीला नाव कोण लावून घेतं?"

"इतकी वर्षं जगभरात कोणाला सापडली नाही. अशी चूक करायलाही अक्कल लागते."

तिने नाव घातलं. खाली चूक शोधणाऱ्या शंकासुराचं, आणि दुरुस्ती करणारी म्हणून स्वतःचं. अप्पांनी ते पान छापून घेतलं, आणि पुढच्या वेळी पाहुणे आले तेव्हा चहाच्याही आधी बाहेर काढलं.