पितळी परातीवरचा आळ

मित्रांनो, मी एक जुनी पितळी परात आहे. जुनी म्हटलेले मला चालते, जड म्हटलेलेही चालते. पण 'हिच्यात पोहे कळकतात' असे कुणी म्हणाले की माझे पित्त खवळते. त्याला कारण आहे, आणि तेच तुम्हाला सांगायला आज बसले आहे. इस्राएलच्या नेगेव वाळवंटात येरुहाम नावाचे लहानसे गाव आहे. तिथे योखेवेदबाईंच्या स्वयंपाकघरात, खिडकीखालच्या फळीवर माझा मुक्काम असतो.

माझा जन्म मात्र कोकणातला. पेणच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवले. चार दिवस हातोड्याचा मार खाल्ला तेव्हा कुठे हे रूप आले. योखेवेदबाईंच्या आईने लेकीच्या लग्नात मला दिले, काठावर लेकीचे नाव कोरून. लग्नानंतर ठाण्यात संसार झाला. मग १९६५ साली बाई आणि त्यांचे यजमान हाईमभाऊ इस्राएलला यायला निघाले. सामान कमी करायचे होते. हाईमभाऊंनी मला हातात तोलून पाहिले आणि म्हणाले, "एवढं धूड कशाला? तिथं काय परात मिळणार नाही?"

बाई म्हणाल्या, "परात मिळेल हो. मलिद्याची परात कुठून आणणार?"

गाद्यांत गुंडाळून, ट्रंकेत बसून, बोटीने मी मागाहून आले. बाईंनी ट्रंक उघडली तेव्हा आधी मला पदराने पुसले, मग मुलांचे कपडे बाहेर काढले. हे मी अजून विसरले नाही.

मलिदा म्हणजे काय, हे तुमच्यातल्या काहींना ठाऊक नसेल. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांत लग्न ठरले, मूल झाले, कुणी मोठ्या दुखण्यातून उठले, की एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, साखर, वेलची, बदाम, मनुका असे सगळे माझ्यात कालवायचे आणि वर पाच तऱ्हेची फळे रचायची. प्रार्थना होते, गाणी होतात, आणि मग ताटल्या भरभरून प्रत्येकाच्या हातात जातात. ती ताटली कुणी परत करत नाही. आमच्या धर्मात मटण आणि दूध एका भांड्यात चालत नाही, म्हणून मला कधी मटणाला शिवू दिले नाही की दुधाला. गावातली निम्मी मराठी घरे मला मागून नेत. काय माझा थाट होता म्हणून सांगू! नारळ मिळणे मुश्कील, मुंबईहून कुणी आले तर दोनचार आणत. पण परातीचा प्रश्न कुणाला पडत नसे. आग्रह करून खाऊ घालणे हाच माझा धर्म होता, आणि त्यात काही चुकीचे असू शकते हे मला स्वप्नातही वाटले नव्हते.

योखेवेदबाई बाटल्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. हाताला चव मोठी, जीभही तशीच. वर्षे गेली तशा त्या वाढत गेल्या. एकशे अठरा किलो! खरे सांगते, मला त्यांचा अभिमान वाटे. माझ्यासारखी परात उचलायला बाईही तशीच हवी, असे मी मनात म्हणे. पण गुडघे बोलू लागले. डायबिटीस आला. लेक मिरियाम मित्स्पे रामोनला तिसऱ्या मजल्यावर राहायची, आणि बाईंना तीन जिने चढता येत नसत. त्या खाली दगडावर बसायच्या आणि मिरियाम तान्ह्या मुलीला घेऊन खाली यायची. अशाच एका भेटीहून परतल्यावर बाई स्वयंपाकघरात आल्या आणि दिवा न लावता बसून राहिल्या.

ही १९७९ सालची गोष्ट. दवाखान्यातल्या डॉक्टरने बेरशेवाच्या इस्पितळात पाठवले. तिथे पोटाला आतून टाके मारून अंडे मावेल एवढा कप्पा ठेवायचे नवे ऑपरेशन करत होते. बाई तयार झाल्या, पण त्यांनी हाईमभाऊंना बजावले, "लोकांना सांगायचं, पित्ताचे खडे काढले. खाऊन खाऊन शेवटी पोट शिवून घेतलं, असं कुणी म्हटलेलं मला सोसणार नाही."

ऑपरेशन नीट झाले. ओर्ना नावाच्या नर्सने सगळे समजावले, वर हिब्रूत छापलेले कागदही दिले. बाई प्रत्येक वाक्याला "बेसेदेर, बेसेदेर" म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे, कळले. घरी आल्यावर ते कागद त्यांनी कपाटात माझ्याखाली दडवले. मी त्यांच्यावर बसून होते, पण मला अक्षर कुठे येते?

हाईमभाऊंनी मात्र नवस बोलला होता. बायको सुखरूप घरी आली तर मलिदा. अठराव्या दिवशी घर माणसांनी भरले. बाईंना चार आठवडे गाळलेल्या सूपाखेरीज काही चालणार नव्हते, आणि हाईमभाऊंना ते ठाऊक होते. पण ते हळूच म्हणाले, "अगो, मलिद्यानं कधी कुणाचं वाईट झालंय? दोन घास घे."

बाईंनी दोनच घास घेतले असते. पण शेजारच्या ॲलिसबाई ताटली घेऊन आल्या. त्या वयाने सगळ्यांत मोठ्या, आणि आग्रहात त्यांचा हात धरणारे येरुहामात कुणी नव्हते. "खडे गेले ना? मग भ्यायचं कशाला? अर्धी झालीस बाय! सगळं संपव. माझ्या गळ्याची शपथ."

चाळीस माणसे बघत होती. नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागणार होते. बाईंनी मान खाली घातली आणि अर्धी ताटली संपवली. आणि मित्रांनो, मी खूश झाले. आपल्या बाई पुन्हा खायला लागल्या, असे वाटून मी मनातल्या मनात नाचले. ही माझी चूक मी आधी कबूल करते, मग दुसऱ्यांची सांगते.

थोड्या वेळात बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. ओकारी येईना, कळ थांबेना, अंगाला दरदरून घाम. अँब्युलन्स आली. बेरशेवाला पुन्हा पोट उघडावे लागले, कारण आतले टाके उसवले होते. अकरा दिवस बाई जगतात की जातात कळत नव्हते, आणि घरात कुणी चूलसुद्धा धड पेटवली नाही.

बाई परत आल्या तेव्हा बायका भेटायला जमल्या. असे झाले तरी कशाने, यावर खल झाला. ॲलिसबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले. "या परातीला कल्हई कुठाय? इथं कल्हईवाला तरी कुठाय? पोहे कळकले, दुसरं काय!"

अहो, पितळेत बिघडून कळकते ते ताक, चिंच, आंबट पदार्थ! गोड मलिदा कसा कळकेल? आणि बाकीच्या चाळीस जणांना काही झाले नाही ते? पण परातीचे कोण ऐकतो. मी बाईंकडे बघत राहिले. त्या आता खरे सांगतील, असे मला वाटत होते.

बाई भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "असेल हो. तसंच असेल."

त्या एका वाक्याने माझी रवानगी बाल्कनीत झाली. कोथिंबिरीच्या कुंडीखाली, ठिबकणारे पाणी धरायला. चार वर्षे! अंगावर हिरवी पुटे चढली, कोरलेल्या नावात माती भरली. गावाने मलिद्यासाठी नवी स्टीलची परात घेतली. चकचकीत होती, पण आवाज पत्र्याचा.

बाल्कनीतून मला सगळे ऐकू यायचे. बाई ऐंशी किलोंवर आल्या. एके दिवशी मिरियामचे तीन जिने चढून गेल्या आणि घरी येऊन हाईमभाऊंना पायऱ्यांचा आकडा सांगत राहिल्या. मला आनंद झाला. राग होता तरी झाला. पण लग्नाकार्यांत त्या आज उपास, उद्या डायबिटीस अशा सबबी सांगत. घरी स्वयंपाकघराचे दार लावून, उभ्याउभ्या, बशीतले चार चमचे खात. कधी भरल्या पापलेटाच्या आठवणीने रडत. खाण्याची जन्मभराची सोबत सुटली होती, आणि सुटली हे कुणाला सांगायची सोय त्यांनीच ठेवली नव्हती.

१९८३च्या उन्हाळ्यात ॲलिसबाईंची सून रुबी आली. तिशीतली, हसरी, बालवाडीत मुले सांभाळणारी, आणि अंगाने बाई पूर्वी होत्या तशीच. तिने दार लोटून घेतले आणि कुजबुजली, "मावशी, माझं बेरशेवाला ऑपरेशन ठरलंय. बारीक व्हायचं. तुम्ही कुणाला बोलू नका हां. सासूबाईंना मी सांगितलंय, पित्ताचे खडे आहेत. तुमचे होते ना, तसेच."

बाईंनी तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"आणि काय गंमत," रुबी म्हणाली, "सासूबाईंनी लगेच मलिदा बोललाय. मी घरी आले की दोन आठवड्यांत."

मी बाल्कनीत थिजले. पोरगी त्याच वाटेने निघाली होती, आणि ती वाट कुठे जाते हे येरुहामात फक्त तिघांना ठाऊक होते. त्यातल्या एकीला तोंड नव्हते.

मित्रांनो, बाई उठल्या, बाल्कनीत आल्या, कुंडी बाजूला केली आणि मला तशीच, चिखलासकट, आत नेऊन टेबलावर ठेवली.

"रुबी, माझे खडे नव्हते गो."

आणि मग त्यांनी सगळे सांगितले. ऑपरेशन, शरम, ती ताटली, ते अकरा दिवस. रुबीचे डोळे मोठे मोठे होत गेले. शेवटी बाईंनी चहाची लहानशी वाटी घेतली आणि माझ्या मधोमध ठेवली. "ही परात म्हणजे आजचं तुझं पोट. ही वाटी म्हणजे उद्याचं. कळलं? अंडं मावेल एवढं. त्यात मलिदा घातलास तर फाटेल."

एरवी कुणी मला पोट म्हटले असते तर मी खणखणले असते. त्या दिवशी गप्प राहिले.

कपाटातून ते पिवळे पडलेले कागद निघाले. रुबीला हिब्रू पाण्यासारखे येत होते. ती वाचत गेली, आणि कागदावर नसलेले बाई सांगत गेल्या. जेवताना पाणी प्यायचे नाही. छातीखाली जरा दाटले की चमचा तिथेच ठेवायचा, मग पुढ्यात काही का असेना. ओकारी सुरू झाली तर घरगुती उपाय करत बसायचे नाही, इस्पितळ गाठायचे. केस गळतील, भिऊ नको. आणि भूक मेली तरी हाव मरत नाही, ती वेळीअवेळी येते. तेव्हा माझ्याकडे ये, आपण बोलत बसू.

"पण सासूबाईंना कसं सांगू?" रुबी रडकुंडीला आली. "त्या म्हणतील, खादाड सून आणली."

"आधी मला म्हणू दे की," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला लिंबामिठाने घासले. चार वर्षांची पुटे एका संध्याकाळी काही निघत नाहीत, पण नाव दिसू लागले. मग मला कमरेवर घेऊन त्या ॲलिसबाईंकडे गेल्या. तिथे चारपाच बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. बाईंनी मला त्यांच्या मधोमध ठेवले.

"ॲलिसबाई, परातीत काही दोष नव्हता. पोहे कळकले नव्हते. मी पोट कापून शिवून घेतलं होतं आणि तुमच्यापासून लपवलं. चार वर्षं आळ हिच्यावर राहू दिला."

एका बाईने 'अगो बाई' म्हणून तोंडाला पदर लावला. ॲलिसबाईंच्या हातातली सुपली खाली आली आणि तांदूळ सांडले.

"मी तुला शपथ घातली होती," त्या म्हणाल्या. "योखेवेद, मी तुला मारलंच असतं की गो!"

"तुम्हाला काय ठाऊक? मी सांगितलंच नव्हतं."

रुबी दाराशी उभी होती. ती आत आली आणि स्वतःच बोलली, "सासूबाई, माझेपण खडे नाहीत."

पुढे किती तरी झाले. बाईंच्या स्वयंपाकघरात दर मंगळवारी बायका जमू लागल्या. ऑपरेशन झालेल्या, होणाऱ्या, नुसत्याच घाबरलेल्या. ओर्ना बेरशेवाहून बसने यायची. तिकवा नावाची मोरोक्कोची बाई यायची. तिला मराठी येत नसे आणि आमच्या बाईंचे हिब्रू अडखळायचे, पण रडताना आणि हसताना दोघींचे बरोबर जमायचे. बाई मला पिशवीत घालून इस्पितळातही नेत. वॉर्डात परात आणि वाटी मांडली की बायका आधी हसत, मग गप्प होऊन ऐकत. ते दिवस आठवले की अजून ऊर भरून येतो. आता मंगळवारी कुणी येत नाही. इस्पितळातच तशी वेगळी खोली झाली आहे, म्हणे.

पण सांगायचा राहिला तो रुबीचा मलिदा. नवस फेडायचाच होता, आणि ॲलिसबाईंनी हट्टाने मलाच मागून नेले. ऑपरेशनला तीन आठवडे झालेली रुबी खुर्चीत बसली होती. ताटल्या भरल्या गेल्या. ॲलिसबाईंनी एक उचलली, सवयीने रुबीकडे चार पावले चालल्या, आणि मध्येच थांबल्या. ऐंशीला टेकलेली ती बाई. जन्मभर तिने ताटल्या पुढे केल्या होत्या आणि शपथा घातल्या होत्या. तिने ताटली खाली ठेवली, सुनेजवळ गेली आणि सगळ्यांदेखत विचारले, "रुबी, तुला काय चालेल गो?"

"गाळलेलं सूप, सासूबाई. अर्धी वाटी."

"अर्धी, की त्याहून कमी?"

"अर्धी पुरे."

ॲलिसबाई आत गेल्या आणि अर्धी वाटी सूप घेऊन आल्या. रुबी ते चमच्याचमच्याने पीत होती, आणि संपेपर्यंत सासू शेजारी बसून होती. पुन्हा वाढू का, असे तिने एकदाही म्हटले नाही.

मित्रांनो, मी खाऊ घालायला जन्मलेली परात आहे. उपाशी राहा असे मी कुणाला सांगणार नाही. माझे मागणे एवढेच आहे. कुणाच्या पुढ्यात ताट ठेवण्याआधी त्याला विचारा, आणि तुम्हाला कुणी विचारले तर खरे सांगा.