पाचव्या क्रमांकाचा सेन्सर

आर्वो हिएताला याने शाळेच्या बॉयलरवर एकोणतीस वर्षे इमानेइतबारे नोकरी केली होती, आणि उष्णतेच्या बाबतीत आपला शब्द अखेरचा, अशी त्याची प्रामाणिक समजूत होती. त्यामुळे नव्याण्णव सालच्या सप्टेंबरात त्याची पत्नी लेम्पी एकावर एक दोन स्वेटर चढवून घरात वावरू लागली, तेव्हा त्याला तो आपल्या विद्येवर घेतलेला संशय वाटला.

"घर गार पडलंय," ती म्हणाली.

"भिंतीवरचा काटा बघ. बहात्तर फॅरनहाइट."

"काटा बघून ऊब येत नाही, आर्वो."

"मग चुलीवर बस."

"बसते. तू ऊठ आधी तिथनं."

मिशिगनच्या उत्तर टोकाला, सरोवराच्या वाऱ्यात वाढलेली फिनिश माणसे थंडीची तक्रार करणे कमीपणाचे मानतात. लेम्पी तर भर फेब्रुवारीत वाफेच्या न्हाणीतून निघून बर्फात लोळणारी बाई. अशा बाईने कुरकुर करावी, म्हणजे एक तर घराला कुठेतरी फट असली पाहिजे, नाहीतर तिच्या मनात हट्ट असला पाहिजे. यातले खरे काय, ते पुराव्यानिशी सिद्ध करावयाचे, असा आर्वोने निश्चय केला.

त्याने टपालाने तापमानाचे नऊ सेन्सर मागविले, पाच खोल्यांसाठी पाच आणि चार राखीव. मसुरीच्या दाण्याएवढा काळा ठिपका आणि त्याला तीन बारीक पाय, एवढाच त्या वस्तूचा देह. ते संगणकाला जोडण्याचा अडॅप्टर बाजारात तयार मिळत होता. पण तयार वस्तू आणणे आर्वोच्या रक्तात नव्हते. जुन्या रेडिओतून त्याने चार डायोड आणि एक रेझिस्टर उपटला, दोन संध्याकाळ खपून ते सोल्डर केले, आणि सगळा संसार पेपरमिंटच्या चपट्या पत्र्याच्या डबीत बसविला. डबीतून एक वायर संगणकाच्या पाठीत गेली, आणि दुसरी लांबलचक वायर सेन्सरांची माळ घेऊन घरभर फिरली.

"त्यापेक्षा पेपरमिंट खाल्लं असतं, तरी घसा गरम झाला असता," लेम्पी वायर ओलांडत म्हणाली.

"महिनाभर थांब. मग बोल."

सतरा ऑक्टोबरला, रविवारी दुपारी, त्याने ती माळ सुरू केली. पडद्यावर पाच आकडे उमटले. प्रत्येक सेन्सरला कारखान्यातच कोरलेला स्वतःचा क्रमांक असतो. पण कोणता क्रमांक कोणत्या खोलीत आहे, हे यंत्र सांगत नाही. त्यावर या छंदातल्या लोकांची एक साधी युक्ती आहे. सेन्सर मुठीत धरायचा. ज्या क्रमांकाचा आकडा चढेल, तो तोच. चार सेन्सर आर्वोने स्वतः धरून पाहिले. प्रत्येक वेळी आकडा बहात्तरवरून सरसर नव्वदीला पोचला. एवढ्या धावपळीत त्याचे गुडघे दुखू लागले. पाचवा सेन्सर स्वयंपाकघरात, लेम्पीच्या खुर्चीमागे होता.

"लेम्पी, तो धर गं जरा," त्याने आतून हाक दिली.

"धरला."

आकडा चौऱ्याहत्तरवर गेला आणि थांबला.

"घट्ट धर."

"घट्टच धरलाय."

"मुठीत?"

"नाही, दातात."

आर्वो कपाळाला आठ्या घालून उठला. सोल्डर कच्चे राहिले असणार, असे म्हणून त्याने सांधा पुन्हा तापवून बसविला. पुन्हा चौऱ्याहत्तर. मग त्याने सेन्सरच बदलला. पुन्हा तेच. तिसरा जोडला, तरी तेच. तिन्ही त्याने जॅमच्या रिकाम्या बरणीत टाकले आणि बरणीवर चिठ्ठी चिकटवली: खराब. चौथा जोडला तेव्हा लेम्पी कंटाळली होती. तिने तो सरळ कॉफीच्या कपाला टेकवला, आणि आकडा एकदम शंभरापलीकडे उडाला.

"बघ, हा आहे चांगला," आर्वो समाधानाने म्हणाला.

"बाकीच्यांनी काय तुझं घोडं मारलं होतं?" लेम्पीने कप ओठाला लावत विचारले.

महिन्याभराने त्याने पाच खोल्यांचा आलेख छापून फ्रिजच्या दारावर लावला. पाच रेषा एकाहत्तर आणि त्र्याहत्तरच्या मध्ये, रुळांसारख्या सरळ. लेम्पीने चष्मा लावून तो नीट वाचला.

"म्हणजे घर गरम आहे."

"आहे."

"मग गारठा माझ्यातच असेल," ती म्हणाली, आणि वेलदोड्याचा पाव कापायला वळली.

आर्वोला वाटले, आपण जिंकलो. त्या दिवसापासून तिने थंडीचे नाव काढले नाही. तिसरा स्वेटर मात्र अंगावर आला.

जानेवारीत तिचे पाय सुजले. सरपण आणताना ती ओसरीच्या पायरीवर बसली, ती तिला उठवेना. इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितले की हृदय बरेच दिवस थकलेले आहे. हातापायांपर्यंत रक्त पोचविण्याची ताकद त्याच्यात उरलेली नाही.

"हात कधीपासून असे गार पडतात?" त्यांनी विचारले.

"काय की बाई," लेम्पी म्हणाली.

"सतरा ऑक्टोबर," आर्वो म्हणाला. "दुपारी तीन वाजून दहा मिनिटं."

डॉक्टरीणबाईंनी वर पाहिले. "इतकं नेमकं?"

"माझ्याकडे नोंद आहे."

"त्याच्याकडे सगळ्याची नोंद असते, डॉक्टर," लेम्पी हसली.

बाहेरच्या दालनात आर्वोने विचारले, तेव्हा आणलं असतं तर? डॉक्टरीणबाई सज्जन होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "तेव्हा औषधांना वाव होता."

मार्चमध्ये, गावालगतच्या कालव्यावरचा बर्फ अजून फुटावयाचा होता तेव्हा, एका सकाळी लेम्पीने पांघरुणाबाहेर हात काढला. आर्वोने तो आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"वाढला का रे आकडा?" तिने विचारले.

एकोणतीस वर्षांच्या नोकरीत आर्वोने तापमानाची एकही खोटी नोंद केली नव्हती.

"वाढला," तो म्हणाला. "चांगला नव्वदवर आहे."

"बघ. सोल्डरच कच्चं होतं," ती म्हणाली. दुपारी ती गेली.

दफनविधीनंतर शेजारणींनी आणून ठेवलेल्या पावांनी टेबल भरून गेले होते. आर्वोने ते बाजूला सारले आणि फळीवरची जॅमची बरणी उतरवली. संगणक सुरू करून त्याने पहिला खराब सेन्सर माळेला जोडला, मुठीत धरला आणि आतल्या खोलीत जाऊन पडद्यापुढे उभा राहिला. वायर तेवढी लांब होती. आकडा चढला: ऐंशी, शहाऐंशी, एक्याण्णव. दुसरा जोडला. एक्याण्णव. तिसराही तितकाच चढला. तिघांपैकी एकाचाही कसला दोष नव्हता. ऑक्टोबरात त्यांनी जे सांगितले, ते अक्षरशः खरे होते, आणि तीनदा सांगितले होते.

त्याने बरणीवरची चिठ्ठी ओल्या बोटाने भिजवून सोलून काढली. मग लेम्पीच्या खुर्चीत जाऊन बसला. तिचा तिसरा स्वेटर खुर्चीच्या पाठीवर तसाच होता. त्याने तो उतरवला नाही, त्याला टेकलाही नाही. आतल्या खोलीत पडद्यावर पाचही आकडे स्थिर उभे होते. घर चांगले उबदार होते.